हिरव्या खुणेचं गाणं

धर्मपाल तेलगोटेनं आयुष्यात एकच गाणं फक्कड बांधलं आणि ते जन्मभर पुरवून पुरवून खाल्लं. हे त्याच्या तोंडावर कोणी म्हटलं असतं तर त्यानं पेटी उचलून त्याच्या टाळक्यात घातली असती. पण खरं ते खरं.

अकोल्याच्या जुन्या शहरात ‘धर्मपाल तेलगोटे आणि पार्टी’ असं नुसतं माइकवर पुकारलं तरी एके काळी लोक जेवणावरून उठून यायचे. दिवसा जिनिंगमध्ये सरकीची पोती ओढायची, दिवस मावळला की पेटी खांद्याला अडकवून निघायचं. जयंती असो, नामकरण असो, लग्न असो, मूर्तिजापूरपासून चांदूर बाजारापर्यंत या माणसाचा आवाज गेला नाही असा मांडव नव्हता. मग डीजे आला. ज्या लोकांना गाणाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन, घसा फोडून शहाणं केलं, त्यांचीच पोरं लोखंडी डब्यांच्या भिंतीपुढं कानात कापूस घालून उड्या मारायला लागली. पेटी कपाटावर चढली आणि तिच्यावर बेडशीट पडलं. यावर चिडायला बसलं तर गोष्ट राहून जाईल.

तर ते गाणं. लग्नाचं होतं. सुरुवात अशी:

ललिता आली दारात, उजेड आला घरात,
पांढऱ्या साडीत चांदणं उतरलं मांडवात.

हे धर्मपालनं स्वतःच्या लग्नात म्हटलं. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, मांडीवर पेटी. नवरदेवानंच कार्यक्रम करावा हे लोकांना नवं होतं. अख्खा मांडव गहिवरला. ललिता तेव्हा नुकती नर्स झाली होती आणि नर्स मंडळी सहसा गहिवरत नाहीत, पण तीही गहिवरली. दुसऱ्या दिवशी तिनं बजावलं, “हे माहं गाणं हाय. हे दुसऱ्या कोणासाठी म्हणाचं नाई.”

“तुही शपथ,” धर्मपाल म्हणाला.

ही शपथ पुढच्या लग्नापर्यंत टिकली. बोरगावला कार्यक्रम होता, नवरीचं नाव पौर्णिमा. नवं गाणं काही सुचेना. बाहेर माइकवाला ‘तेलगोटे, तेलगोटे’ करून राहिला होता. धर्मपालनं ललिताला उचललं आणि तिच्या जागी पौर्णिमाला बसवलं. अशी चपखल बसली की जणू सीट तिच्याच नावावर होती. मांडव गहिवरला. मग काय, वर्षाली बसली, रागिणी बसली, आचल बसली. बेबी नाव आखूड पडायचं, तर ‘बेबीऽबाई’ असं ओढून बसवली. प्रज्ञाशीला नावाच्या नवरीपायी मात्र ढोलकीवाला जानराव घामाघूम झाला. ते नाव संपेपर्यंत समच निघून जायची.

ही चोरी लपवायला धर्मपालनं दोन युक्त्या केल्या होत्या. पहिली, सुपारी घेण्याआधी तो ललिताला विचारायचा, “शनवारी तुही रातपाळी हाय का वं?” हो म्हणाली की गाणं ठरलं, नाही म्हणाली की त्या लग्नात दुसरं काहीतरी. ललिता वॉर्डात कौतुकानं सांगायची, “आमच्या यांले माही लय काळजी. ड्यूटी पुसल्याबिगर घराबाहेर पाय टाकत नाईत.” पोरीच्या, संध्याच्या लग्नात तर आईच पहिल्या रांगेत बसलेली. तिथं बापानं म्हटलेलं गाणं इतकं पडेल होतं की संध्या अजून टोमणे मारते.

दुसरी युक्ती जास्त पोचलेली. गाणं संपलं की नवरीच्या बापाला बाजूला घेऊन तो कानात सांगायचा, “हे खास तुमच्या पोरीसाठी बांधलं बरं का. घरातच ठेवा. कोणाजवळ गुणगुणू नका. दुसऱ्या पार्ट्या टपून हायेत, चाल चोरतेत.” आता पार्ट्या चाली चोरतात हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत. गाण्यांच्या सामन्यात एकमेकांचं गाणं उचलून त्याच मंचावर एकमेकांच्या अंगावर फेकणारी माणसं ही. त्यामुळं प्रत्येक घरानं आपलं गाणं दागिन्यासारखं दडवून ठेवलं. गावोगावी कपाटात कॅसेट, आणि प्रत्येक बाईला वाटतं की ही एकटी माझी.

माइकवाल्याकडून प्रत्येक कार्यक्रमाची एक कॅसेट धर्मपालही घ्यायचा. पुढं सीड्या आल्या, मेमरी कार्डं आली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर लोक जुनी रेकॉर्डिंग पाठवू लागले. सगळं एका पोत्यात. पोतं दिवाणाखाली.

यंदा ललिता रिटायर होणार होती. अमरावतीहून संध्याचा फोन आला.

“बाबा, आईच्या निरोपसमारंभाले तुमची सगळी गाणी पेनड्राइव्हमदी भरून वाटू. हे म्हणतात, मी करून देतो. पोतं घेऊन या.”

कौतुक म्हटलं की धर्मपालची अक्कल आधी रजेवर जायची. पोतं घेऊन तो एसटीत बसला. पोत्यात काय काय आहे, हे त्याच्या डोक्यात बडनेरा मागं पडल्यावर आलं.

संध्याचा नवरा नागसेन पाटबंधारे खात्यात होता. माणूस भला, पण शिस्तीचं वेड. त्याच्या घरी मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलेलं, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, आणि चपलांच्या रॅकवर माणसांची नावं. सासऱ्यानं चपला काढल्या तर त्यानं त्या उचलून ‘पाहुणे’ लिहिलेल्या कप्प्यात ठेवल्या. त्याच्या लॅपटॉपमध्ये इतकी गाणी होती की दिवसरात्र वाजवली तरी दोन जन्म पुरतील, आणि त्यातलं एक ऐकायला त्याला सवड नव्हती. अशी माणसं अलीकडं फार झाली आहेत. गाणी साठवतात, नावं देतात, फोल्डरात रचतात, वरून त्याचीही कॉपी काढून ठेवतात. ऐकायचं तेवढं राहतं.

“मामा, पहिलं म्हणजे सगळं एका फॉर्मॅटमध्ये आणू,” नागसेननं टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपात खुपसली. “कॅसेटचं वेगळं, सीडीचं वेगळं, व्हॉट्सअ‍ॅपचं तर भलतंच. एकाची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही.”

“म्हंजे फाइलीमदीबी जाती हायेत म्हणा.”

“हायेत ना. म्हणून सगळ्यांना एमपीथ्री करून टाकायचं.”

हे मात्र धर्मपालला पटलं.

कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ ती लॅपटॉपात उतरायला. नागसेन आवाज बंद करून कॅसेट लावायचा आणि ऑफिसला जायचा. संध्या तिच्या शाळेत. धर्मपाल दिवाणावर बसून चाकं फिरताना बघायचा. आपलं सगळं गाणं मुक्यानं चाललेलं बघून त्याला कसंसंच व्हायचं, पण आवाज वाढवायची हिंमत नव्हती. कोणती नवरी बाहेर पडेल, नेम नाही.

सगळं उतरलं. नागसेननं हात चोळले. “आता जुळ्या फाइली काढायच्या. हे सॉफ्टवेअर नावं पाहत नाही, मामा. आवाज ऐकून ओळखते. एकच गाणं पन्नास नावांनी लपून बसलं असलं तरी मानगूट धरून बाहेर काढते.”

धर्मपाल लॅपटॉपपासून जरा मागं सरकला. “अशा मशीनची काय गरज होती लोकाइले?”

संध्या भाजी आणायला गेली होती. लॅपटॉपवर एक पट्टी सरकत गेली, थांबली, आणि यादी उघडली. नागसेननं यादी खाली ओढली. आणखी ओढली. यादी सरतच नव्हती.

“मामा, हे काय? एकच गाणं. सगळीकडे तेच.” त्यानं एक लावलं. पेटीचा आलाप. दुसरं लावलं. तोच आलाप. तिसरं. “एकच आहे ना हे?”

शब्द अजून सुरू झाले नव्हते. धर्मपालनं घाईघाईनं हात आडवा घातला. “एकच हाय. बंद करा.”

“मग इतक्या वेळा काहून ठेवलं?”

“आवडीचं होतं.”

“कोणतं गाणं?”

“तुमच्या मामीचं. लग्नातलं.” यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच हा सगळ्यात मोठा खोटेपणा होता.

नागसेनचा चेहरा हळवा झाला. “मामीवर एवढं प्रेम! पण जागा लय खाऊन राहिलं, मामा. असं करू, सॉफ्टवेअर सगळ्यात चांगली प्रत ठेवते, बाकीच्या उडवते. ही पाहा, जिच्यापुढं हिरवी खूण आहे ती राहील. लाल सगळ्या जातील.”

इथं धर्मपालनं जी चूक केली ती दुसऱ्या कोणाच्या बापाला जमली नसती. त्याला वाटलं, सगळ्यात चांगली म्हणजे ललिताचीच. मशीन आवाज ऐकून ओळखते म्हणतात. मग तिला एवढं कळणार नाही का, की गळ्यात हार घालून, खऱ्या बायकोसाठी, खऱ्या मनानं कोणत्या दिवशी म्हटलं होतं? बाकीच्या वेळी तो नुसता गात होता. हिरवी खूण अस्सलच्याच कपाळावर असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. मशीन मात्र फक्त खरखर मोजत होती.

दारात संध्याच्या चपला वाजल्या.

“उडवा,” धर्मपाल म्हणाला. “सगळे लाल उडवा. बटन दाबा लौकर.”

नागसेननं दाबलं. उरलेल्या एकट्या फाइलीला त्यानं नाव दिलं, ‘ललिता – लग्नाचं गाणं’. ऐकली नाही. त्याला कशाला ऐकायला हवी होती? हिरवी खूण होती ना.

जेवताना धर्मपालनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जन्माचं पाप एका बटनात गेलं होतं. विज्ञानाबद्दल त्याच्या मनात प्रथमच आदर दाटून आला.

निरोपसमारंभ अकोल्यात, एका छोट्या हॉलमध्ये. दवाखान्यातल्या सिस्टर, मावश्या, जुने पेशंट, नात्यागोत्यातल्या बायका. हॉल भरून बाहेर खुर्च्या. ललिता पांढरी साडी नेसून मधोमध बसलेली. साहेब बोलायला उठले. जिनं यांच्या खात्यात आयुष्य काढलं तिचं नाव त्यांनी एकदा लता घेतलं, एकदा लीलावती, आणि टाळ्या घेऊन खाली बसले. खुर्चीवर बसलं की नावं लक्षात ठेवायची जबाबदारी खालच्यांची असते.

मग संध्यानं माइक घेतला. “आईचं खरं नाव कोणाले येते, ते आता ऐका. बाबांनी आईसाठी बांधलेलं गाणं. जगात एकच.”

धर्मपालनं कॉलर सारखी केली. नागसेननं पेनड्राइव्ह लावला. स्पीकरमधून पेटी निघाली, कशी स्वच्छ, धुतल्यासारखी. धर्मपालला कौतुक वाटलं. एवढ्या जुन्या कॅसेटमधून एवढा कोरा आवाज! ढोलकीची थाप पडली आणि तरुण धर्मपाल खणखणीत गायला लागला:

बेबीऽबाई आली दारात, उजेड आला घरात...

ललितानं मान हळूच वळवून नवऱ्याकडं पाहिलं. इंजेक्शन भरून झाल्यावर ती पेशंटकडं बघायची, तसं.

मागच्या रांगेतून एक धिप्पाड बाई उभी राहिली. बेबीताई. ललिताच्याच वॉर्डात मावशी, माहेर चांदूर बाजार. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

“अवं माय! हे तं माह्या लग्नातलं गाणं हाय! ललिताताई, तुमी माह्यासाठी लावलं का? स्वतःच्या सभेत माहं गाणं!” ती रडायला लागली. “कोणाले सांगू नका म्हणे धर्मपालभाऊ. आजलोक माह्या नवऱ्यालेबी गुणगुणू देलं नाई मी.”

“थांब वं, तुहं कसं?” खिडकीपाशी बसलेल्या बोरगावच्या पौर्णिमानं पदर खोचला. “ही चाल माह्या लग्नातली हाय. ‘पौर्णिमा आली दारात.’ माह्या बापाच्या कानात सांगतलं होतं, खास बांधलं म्हणून.”

“तुह्या बापाच्या कानात? मंग माह्या बापाच्या कानात काय गेलं, माशी?” हा आवाज वर्षालीचा.

“चोरलं असंल दुसऱ्या पार्टीनं.”

“कोण चोरते? म्हणणारा आवाज एकच हाय ना, बयाओ! थो पाहा बसला समोर!”

सगळ्या माना वळल्या. धर्मपालनं नागसेनकडं पाहिलं. नागसेन लॅपटॉपवरच्या हिरव्या खुणेकडं पाहत होता, विश्वासघात झालेल्या माणसासारखा. ढोलकीवाला जानराव भिंतीच्या कडेनं दाराकडं सरकत होता.

ललिता उठली. लेकीच्या हातातून तिनं माइक घेतला. आवाज चढवला नाही. वॉर्डात तिला आवाज चढवायची कधी गरज पडली नव्हती.

“अजी.”

“हाव,” धर्मपाल म्हणाला.

“शनवारी रातपाळी हाय का, असं काहून पुसत होते तुमी?”

धर्मपालनं पुन्हा कॉलर सारखी केली.

“मी अख्ख्या दवाखान्यात सांगून राहिली होती, माह्या नवऱ्याले माही काळजी.” तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. हसण्यावारी न्यायला धर्मपालजवळ काही उरलं नव्हतं. “बरं. या बायाइचा काई गुन्हा नाई. त्यायनं गाणं जपलं. त्यायचं त्यायले द्या. चढा वरते. पेटी घ्या. एकेकीचं नाव घेऊन म्हणा.”

“आणि तुहं?”

“माहं नाव घ्याचं नाई.”

मग धर्मपाल गायला. समारंभ ज्या बाईचा, तिला सोडून हॉलमधल्या प्रत्येक बाईला त्या दिवशी त्यानं दारात आणलं. पौर्णिमा आली, वर्षाली आली, बेबीबाई तर दोनदा आली. जिच्या लग्नाला तो कधी गेलाच नव्हता अशाही चार जणी मधेच घुसून आल्या. जानरावाला दारातून ओढून ढोलकीवर बसवलं. साहेब घड्याळ बघत निघून गेले, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. बायका हसल्या, रडल्या, एकमेकींना चिमटे काढले. शेवटी धर्मपालचा घसा बसला. ललिता खाली बसून टाळीचा ठेका धरत होती, आणि तिचा चेहरा दगडाचा होता.

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं. “चहा बंद.”

“माफ कर ना वं.”

“माफीबिफी कायले पाह्यजे मले? गाणं पाह्यजे. नवीन. आणि असं, का त्याच्यात दुसरी कोणी मावलीच नाई पाह्यजे.”

नागसेन अपराधी चेहऱ्यानं लॅपटॉप घेऊन बसला होता. उडवलेल्या फाइली कचऱ्याच्या डब्यातच होत्या. त्यानं एकेक परत काढली, आणि या वेळी एकेक ऐकली. ऐकताना कधी हसला, कधी त्यानं तेच पुन्हा लावलं. गाण्याचं नाव पुसून प्रत्येकीला त्यानं नवरीचं नाव दिलं, गावासकट. मशीनला जुळी वाटली ती सगळी एकटी एकटी होऊन रांगेत उभी राहिली.

सगळ्यात तळाला, सगळ्यात लाल, ललिताची निघाली. आवाज हलतोय, फीत ताणलेली, दुसरी ओळ विसरला तिथं मांडव खदखदून हसलेला. इतकी वाजवलेली कॅसेट की झिजून चालली होती.

धर्मपाल आशेनं बायकोकडं बघत होता. ललितानं शेवटपर्यंत ऐकलं. “आवाज लय कापत होता तुमचा,” ती म्हणाली.

“खरं होतं म्हणून कापत होता.”

“असंल. पण नाव काढलं तं दुसरी बसते. बसली. आता नवीन बांधा.”

तो बांधायला बसला. चंद्र आणला, ललिता म्हणाली, चंद्र कोणालेबी चालते. फुलं आणली, परत पाठवली. मोर्णा नदी आणली. म्हणाली, अर्धं अकोला बसंल तिच्यात. बिनचहाचा धर्मपाल हवालदिल झाला.

“मंग टाकू तरी काय?”

“आपण पहिल्यांदा कुठी भेटलो?”

“दवाखान्यात.”

“कायनं भरती होते तुमी?”

संध्यानं कान टवकारले. तिला लहानपणापासून सांगितलं होतं, बाबांना ताप होता.

“ललिता,” धर्मपाल हळूच म्हणाला, “पोरगी हाय, जवाईबापू हाय.”

“टाका थे. मंग पाहू कोणती नवरी मावते.”

धर्मपालनं डोळे मिटले. गवयाची इज्जत एका बाजूला, चहा आणि बायको दुसऱ्या. बेडशीट ओढून त्यानं पेटी खाली घेतली. नागसेननं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला.

बसाच्या जागी गळू झालं, गवई पालथा पडला,
सुई पाहून ललिताची लेकरावानी रडला.
पुसलं नाव तं सांगे, बाई, गवई मोठा मी,
ललिता म्हणे, चड्डी वर घ्या, मंग ऐकते गाणं मी.

संध्या दिवाणावर आडवी होऊन हसत होती. ललिताच्या दगडी चेहऱ्याला ओठाच्या कोपऱ्यात तडा गेला होता, पण तिनं तो पदरानं झाकला.

“जवाईबापू, लावा तुमची मशीन. एखाद्या गावी म्हटलं असंल यायनं.”

नागसेननं नवी फाइल आत टाकली. पट्टी सरकत सरकत त्या सगळ्या नवरींच्या गाण्यांमधून गेली, टोकाला पोचली, थांबली. पडद्यावर उमटलं ते त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, “एकही जुळी फाइल सापडली नाही.”

“आणखीन एकदा पाहा.”

त्यानं आणखी एकदा लावली. मशीन तेच म्हणाली.

ललिता उठली, स्वयंपाकघरात गेली. आतून पातेल्याचा आवाज आला. मग तिचा.

“अद्रक टाकू का?”